नाशिकला पाणी ९८ अंशांना उकळतं

बीएस्सीला ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्कलनबिंदू काढायला शिकवतात. थिएल ट्यूबमध्ये लिक्विड पॅराफिन, थर्मामीटरला बांधलेली छोटी फ्यूजन ट्यूब, तिच्यात दोन-चार थेंब द्रव आणि एका टोकाला बंद केलेली केशनलिका उघडं तोंड खाली करून सोडलेली. मंद आचेवर तापवत न्यायचं. केशनलिकेतून बुडबुड्यांची सलग माळ सुटली की आच काढायची आणि माळ थांबून द्रव नळीत चढू लागेल त्या क्षणाचं तापमान लिहायचं.

टोल्युइन दिलं असेल तर पुस्तकात ११०.६ अंश सापडतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब साधारण ७०५ ते ७१० मिलिमीटर भरतो, समुद्रसपाटीला तो ७६० असतो. दाब कमी की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे इथे नीट केलेल्या प्रयोगात टोल्युइन १०८च्या आसपास यायला हवं. ॲसिटोन ५४, ॲनिलिन १८४ऐवजी १८१-१८२, आणि पाणी ९८. वितळणबिंदूला हा फरक लागत नाही, कारण घन आणि द्रव या दोन्हींवर एवढ्याशा दाबफरकाचा परिणाम जाणवत नाही. पण उत्कलनबिंदूला लागतो, आणि तरीही वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या जर्नलांमध्ये ११० लिहिलेलं सापडतं.

केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाचं काम काय, असं कुणी विचारलं तर माझ्या मते उत्तर या १०८ आणि ११०च्या मध्ये आहे. ११० वाचून टिकमार्क करणारे सर असतात. ११०वर लाल गोल काढणारे असतात. आणि एक प्रकार असा, की मॅडम विचारतात, "तुला थर्मामीटरवर किती दिसलं? ते लिही. मग दोन अंश कुठे गेले ते आपण शोधू." खरं रीडिंग लिहिल्यामुळे मार्क जाणार नाहीत हा विश्वास ज्या बॅचला मिळाला, त्या बॅचला पुढे फार काही वेगळं शिकवावं लागत नाही.

ही खुर्ची मिळते कशी, ते थोडक्यात सांगतो. एमएस्सीला किमान ५५ टक्के, त्यावर नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पात्रता परीक्षा) किंवा पीएचडी. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नाशिक जिल्ह्यातली कॉलेजंही त्याच विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे पेपर तपासणीपासून बीओएसच्या (अभ्यासक्रम मंडळाच्या) मीटिंगपर्यंत पुण्याच्या फेऱ्या ठरलेल्या. सीएसआयआर नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० मार्कांचा: पार्ट ए ३०, पार्ट बी ७० आणि पार्ट सी १००. पार्ट सीमध्ये ६०पैकी फक्त २५ प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येकाला चार मार्क. ज्यांची इनऑरगॅनिक कच्ची आहे ते ऑरगॅनिक आणि फिजिकलवर निभावतात, पण मग वर्गात कोऑर्डिनेशन केमिस्ट्री शिकवायची वेळ आली की ती उधारी फेडावी लागते. जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफला, म्हणजे तिच्या पुढच्या टप्प्याला, ४२,०००.

परीक्षा पास होणं आणि पद मिळणं यांच्यामध्ये सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) नावाचा एक लांब पट्टा आहे. तासिका तत्त्वावर शिकवायचं, तासाचे पैसे घ्यायचे, सुट्टीत काहीच नाही. या काळात बऱ्याच चांगल्या हातांची उमेद जाते, आणि याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. सीएचबीवरच्या तरुण शिक्षकांना माझं एकच सांगणं असतं: या वर्षांत किमान एक उपकरण पूर्ण आपलंसं करा. यूव्ही-व्हिजिबल असो, पोटेन्शिओमीटर असो, की कॉलेजने घेऊन ठेवलेलं आणि कुणी न वापरलेलं फ्लेम फोटोमीटर असो. इंटरव्ह्यूच्या डेमो लेक्चरला सगळे फळा भरतात. उपकरण उघडून त्याचा दिवा का जातो हे सांगणारा लक्षात राहतो.

पद मिळाल्यावरची शिडी यूजीसीच्या २०१८च्या नियमांत आहे. असिस्टंट प्रोफेसर लेव्हल १०ला, मूळ पगार ५७,७००. पीएचडी असेल तर चार वर्षांनी, फक्त नेट-सेट असेल तर सहा वर्षांनी लेव्हल ११. त्यापुढे पाच वर्षांनी १२, मग तीन वर्षांनी १३ए म्हणजे असोसिएट प्रोफेसर, आणि आणखी तीन वर्षांनी, दहा शोधनिबंध आणि इतर अटी पुऱ्या झाल्या तर, लेव्हल १४: प्रोफेसर. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं. फायली वेळेवर जमवा: ओरिएंटेशन, रिफ्रेशर, सर्टिफिकेटं, तारखा. एका सर्टिफिकेटावाचून बढती वर्षभर लांबते. याहून जास्त जीव या विषयात घालू नये.

जीव घालायचा तो प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी.

१६ तासांच्या वेळापत्रकात हा वेळ कुठे दिसत नाही, पण प्रॅक्टिकलचं यशापयश तिथे ठरतं. उदाहरणार्थ पोटॅशियम परमँगनेट. ०.१ नॉर्मलसाठी (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) लिटरला ३.१६ ग्रॅम. पण वजन करून पाण्यात टाकलं आणि लगेच बाटली भरली तर दोन दिवसांत त्याची शक्ती उतरते, कारण पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याबरोबर त्याची अभिक्रिया होते, मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ बनतो आणि तो गाळच पुढचं विघटन वेगाने करतो. म्हणून द्रावण उकळायचं, थंड करायचं, ग्लास वूलमधून गाळायचं आणि तपकिरी बाटलीत ठेवायचं. फिल्टर पेपर चालत नाही, कागदाचंच ऑक्सिडेशन होतं. मग ऑक्झॅलिक ॲसिडने प्रमाणित करायचं, म्हणजे नेमकी तीव्रता काढायची: ६० ते ७० अंशांना, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडवर खर्च होतं. पहिले थेंब रंग सोडायला वेळ घेतात, कारण उत्प्रेरक असलेले मँगनस आयन अजून तयार झालेले नसतात. तिथे विद्यार्थी घाई करतो, धार सोडतो आणि फ्लास्क तपकिरी होतो. "सर, माझं बिघडलं," म्हणत येतो. बिघडलेलं नाही, कारण आता त्याला ऑटोकॅटॅलिसिस, म्हणजे अभिक्रियेतून बनलेल्या पदार्थानेच तिचा वेग वाढणं, डोळ्यांनी दिसलं आहे. ते समजावायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. फ्लास्क धुवायला पाठवण्याआधी ही पाच मिनिटं द्यावीतच.

टायट्रेशनमध्ये द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची नळी म्हणजे ब्युरेट. तिचा सगळ्यात लहान भाग ०.१ मिली. १० मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ची चूक म्हणजे सरळ एक टक्का. म्हणून तीन रीडिंगं ०.१च्या आत जुळावीत असा नियम. पण हाच नियम चुकीचं रीडिंग लिहायलाही शिकवतो: ९.८, ९.९, १०.१ आलं की पोरं तिन्ही ९.९ करून टाकतात. त्यावर उपाय सोपा आहे. जर्नलमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग वेगवेगळं लिहायला लावायचं, आणि दर वेळी शून्यापासून सुरू करायचं नाही. ३.४वरून सुरू करून १३.५ला थांबलेल्या पोराला वजाबाकी करेपर्यंत कळतच नाही की त्याचं रीडिंग शेजाऱ्याशी जुळतंय की नाही.

नाशिकसारख्या गावात केमिस्ट्री शिकवणाऱ्याला एक सोय आहे: अभ्यासक्रमातले निम्मे प्रयोग दारात उभे असतात. बोअरचं पाणी, गोदावरी, द्राक्षं, भांडी बाजारातलं पितळ. अज्ञात नमुन्याच्या नावाखाली स्टोअरमधल्या बाटलीतलं मॅग्नेशियम सल्फेट देण्याऐवजी पोरांना आपापल्या घरचं पाणी आणायला सांगावं.

बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी कठीण असतं, हे घरातल्या गिझरच्या कॉइलवरून सगळ्यांना ठाऊक आहे. तो कठीणपणा मोजायला कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं ईडीटीए: ०.०१ मोलर, म्हणजे डायसोडियम क्षाराचे लिटरला ३.७२ ग्रॅम. पाण्याचा नमुना ५० मिली, अमोनिया बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १ ते २ मिली, पीएच १०, दर्शक म्हणून चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. ईडीटीएच्या मिलीला २०ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला किती मिलिग्रॅम ते मिळतं. १८ मिली लागले तर ३६०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचं.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, बफर. मार्च-एप्रिलमध्ये उघडझाप होऊन बाटलीतला अमोनिया उडून जातो, पीएच घसरतो आणि जांभळट रंगातच रीडिंग रेंगाळत राहतं. बफर थोडं थोडं करावं, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावं आणि महिनाभरात संपवावं. दुसरी, वेळ. बफर घातल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन संपवायचं. नमुना तसाच ठेवून गप्पा मारल्या तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि रीडिंग कमी येतं. संपल्यासारखा वाटलेला निळा रंग थोड्या वेळाने परत लालसर झाला तर कारण बहुतेक हेच असतं.

गोदावरीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन हा प्रकल्प दर वर्षी कुणीतरी घेतं, आणि दर वर्षी तो एकाच जागी चुकतो. रामकुंडावर बाटली भरायची, स्कूटरच्या डिकीत ठेवायची, कॉलेजला येऊन विंकलर (विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत) करायचं. तोवर वाटेतल्या धक्क्यांनी, उन्हाने आणि पाण्यातल्या जिवाणूंनी ऑक्सिजन बदललेला असतो. बाटली घाटावरच 'फिक्स' झाली पाहिजे. ३०० मिलीची बीओडी बाटली पाण्याखाली तिरकी धरून बुडबुडा न राहता भरायची. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन २ मिली मँगनस सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-ॲझाइड सोडायचं. बूच लावून, वर सांडलेलं पाणी जाऊ देऊन, बाटली उलटसुलट करायची. तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. आता बाटली सावलीत ठेवून आणायला हरकत नाही. कॉलेजला आल्यावर २ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, गाळ विरघळून आयोडिनचा रंग येतो. २०३ मिली मोजून घ्यायचे आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. जितके मिली, तितके लिटरला मिलिग्रॅम. ॲझाइड कशाला, हे व्हायव्हात विचारावंच: सांडपाण्यातून आलेला नायट्राइट आयोडाइडमधून आयोडिन मोकळा करतो आणि ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो. ॲझाइड विषारी आहे. ते तोंडाने ओढायचं नाही आणि ॲसिडमध्ये मोकळं सोडायचं नाही.

आकडा आल्यावर परत नाशिकची उंची आठवावी लागते. २५ अंशांना संपृक्त ऑक्सिजन पुस्तकात ८.३ दिलेला आहे, तो समुद्रसपाटीचा. इथे तो साधारण ७.७. ७.५ आलं म्हणून 'पाणी थोडं प्रदूषित' असा निष्कर्ष लिहिणाऱ्याला हे दाखवून द्यावं लागतं. उलट दुपारी शेवाळ असलेल्या ठिकाणी ९ आलं तरी ते खरं असू शकतं, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. म्हणून जागेबरोबर वेळही लिहायची. बीओडी (जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात त्याचं मोजमाप) करायचा तर आपल्याकडच्या मानकात २७ अंशांना तीन दिवस. परदेशी पुस्तकातले २० अंशांचे पाच दिवस उतरवून घेतले आणि इन्क्युबेटर २७वर ठेवला, तर दोन्हींपैकी काहीच केल्यासारखं होत नाही.

द्राक्षाच्या रसाचं आम्लत्व त्या मानाने सोपं. १० मिली गाळलेला रस, ५० मिली उकळून गार केलेलं पाणी, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलीन. मिलीला ०.७५ने गुणलं की लिटरला टार्टारिक ॲसिडचे ग्रॅम. ८ मिली लागले तर ६. पांढऱ्या द्राक्षाला झकास चालतं. काळ्या द्राक्षाला मात्र दर्शक काहीच सांगत नाही, कारण सालीतलं अँथोसायनिन स्वतःच पीएचप्रमाणे रंग बदलतं, लालचं निळसर-हिरवं होतं. तिथे पीएच मीटर लावून ८.२ला थांबायचं. वाइनरीत नोकरीला लागलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच करावं लागतं. रस आंबायला लागला असेल तर आधी हलवून, थोडा गरम करून कार्बन डायऑक्साइड घालवायचा, नाहीतर त्याचंही आम्लत्व मोजलं जातं.

पितळातलं तांबं मोजणं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात चुकण्याच्या जागा भरपूर आहेत आणि प्रत्येकीमागे रसायनशास्त्र आहे. भांड्यांच्या दुकानातून किंवा लेथवरून आणलेला कीस ॲसिटोनने धुऊन, वाळवून, ०.३ ग्रॅम घ्यायचा. फ्यूम हूडमध्ये १:१ नायट्रिक ॲसिड ५ ते ६ मिली. तपकिरी धूर येतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. हूडचा पंखा चालत नसेल तर त्या दिवशी हा प्रयोग करायचा नाही, परीक्षा असली तरी. विरघळल्यावर थोडा युरिया घालून चांगलं उकळायचं, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड जातात. ते राहिले तर पुढे आयोडाइडचं आयोडिन करतात, आणि टायट्रेशन संपल्यावरही निळा रंग परत परत येत राहतो. मग अमोनिया थेंबाथेंबाने, किंचित गढूळ होईपर्यंत. मग ॲसेटिक ॲसिडने तो गढूळपणा घालवायचा. पोटॅशियम आयोडाइड ३ ग्रॅम. ०.१ नॉर्मल थायोसल्फेट फिकट पिवळं होईपर्यंत, तेव्हा कुठे स्टार्च. आधीच घातला तर आयोडिन स्टार्चला घट्ट धरून बसतो. शेवटाजवळ २ ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट, कारण क्युप्रस आयोडाइडच्या गाळाने आयोडिन पृष्ठभागावर धरून ठेवलेलं असतं. थायोसायनेट ते सोडवतं. एक मिली म्हणजे ६.३५५ मिलिग्रॅम तांबं. ३० मिलीच्या आसपास लागले तर पितळात साठ-पासष्ट टक्के तांबं आहे. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याशी ते जुळतं की नाही, याचं पोरांना फार कुतूहल असतं.

एमएस्सीचा प्रोजेक्ट आला की प्राध्यापकाचा गाइड होतो. विषय निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. रसायनं आपल्या स्टोअरमध्ये आहेत किंवा पंधरा दिवसांत येतात का. सेमिस्टरमध्ये प्रयोग किमान तीनदा करून होईल का. आणि किमान एक मोजमाप आपल्याच लॅबमध्ये करता येईल का. तिसरी अट पुष्कळ जण सोडतात. मग अख्खा प्रोजेक्ट पुण्याहून स्पेक्ट्रा येण्याची वाट बघत बसतो.

चाल्कोन हा पिवळा सेंद्रिय पदार्थ बनवणं, हा नवख्यासाठी उत्तम विषय. ॲसिटोफिनोन १.२० ग्रॅम, बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, म्हणजे दोन्ही १० मिलिमोल. इथेनॉल १० मिली, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिली थेंबाथेंबाने, तापमान ३०च्या वर जाऊ न देता. दोन-तीन तास ढवळायचं, रात्रभर बर्फात. गाळून, लिटमस उदासीन होईपर्यंत थंड पाण्याने धुवायचं. कागदावर इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये नाशिकच्या लॅबचं तापमान ३८-४० असतं आणि चाल्कोनचा वितळणबिंदूच ५५ ते ५७. थोडी अशुद्धी आणि थोडा इथेनॉल असला की तो आणखी खाली येतो. फ्लास्कमध्ये पिवळं तेल बसतं आणि विद्यार्थ्याला वाटतं अभिक्रिया फसली. मुळात बर्फाचं पात्र आधीच तयार हवं, काचेच्या कांडीने आतून खरवडायचं, मागच्या बॅचचा एखादा स्फटिक जपून ठेवला असेल तर तो टाकायचा. पुनर्स्फटिकीकरणाला इथेनॉल ५०च्या वर तापवायचं नाही, नाहीतर पदार्थ विरघळण्याआधी वितळतो. आणि हातमोजे, कारण चाल्कोनने कातडीला खाज येते.

बेंझाल्डिहाइडची बाटली आधी बघावी. तोंडाशी पांढरे खडे दिसले तर ते बेंझोइक ॲसिड, हवेने झालेलं. ते अल्कली खातं आणि उतारा, म्हणजे हाती येणारा पदार्थ, घटतो. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, शक्य असेल तर ऊर्ध्वपातन करूनच घ्यावं. उतारा कमी आला की गाइडने पहिला प्रश्न बाटलीबद्दल विचारावा, विद्यार्थ्याच्या कष्टांबद्दल नंतर.

टीएलसीला (पातळ थराच्या पट्टीवर पदार्थ वेगळे करून बघायच्या चाचणीला) तीन ठिपके: सुरुवातीचा पदार्थ, अभिक्रियेचं मिश्रण, आणि मध्ये दोन्ही एकावर एक. मधला ठिपका आळसाने सोडला जातो आणि नंतर पट्टीवर ०.४५ आणि ०.४८ इतके वर चढलेले ठिपके हे दोन वेगळे पदार्थ की एकच, यावर वाद होतो. एनएमआरला (रेणूची रचना ओळखायच्या स्पेक्ट्रमला) ५ ते १० मिलिग्रॅम पुरे, पण पूर्ण कोरडे. १.२६, २.०५ आणि ४.१२ला रेषा दिसल्या की तो नवीन पदार्थ नसतो, इथाइल ॲसिटेट राहिलेलं असतं. हे एकदा शिकलेलं आयुष्यभर पुरतं.

वहीबद्दल मी हट्टी आहे. पानांना क्रमांक, पेनाने लेखन, खाडाखोड नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. चिठोऱ्यावर वजन लिहून संध्याकाळी वहीत उतरवणं बंद. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी नेमकं हेच सांगतात. तिथे खोडरबर वापरला तर ऑडिटमध्ये कंपनी अडचणीत येते. इंटरव्ह्यूला एचपीएलसी या तपासणी यंत्राच्या कॉलमची लांबी विचारतील, पण त्याआधी '०.१ नॉर्मल एचसीएल लिटरभर कसं बनवशील' विचारतात, आणि तीव्र ॲसिड साधारण १२ मोलर असतं म्हणून ८.३ ते ८.५ मिली, पाण्यात ॲसिड, मग सोडियम कार्बोनेटने प्रमाणित, एवढं सरळ सांगणारे कमी निघतात. शिफारसपत्र मी लिहीत असतो तर 'हुशार' लिहिण्याऐवजी लिहिलं असतं, 'याच्या वहीवरून दुसऱ्याला प्रयोग परत करता येतो.'

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जास्तीच्या पाऱ्यावर विरळ नायट्रिक ॲसिड टाकून ते मर्क्युरस नायट्रेट करत होते. पिवळसर स्फटिक आले, जे यायला नको होते. त्यांनी ते फेकले नाहीत, तपासले, आणि १८९६मध्ये मर्क्युरस नायट्राइट जगापुढे आलं. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, नीलरतन धर ही त्यांची विद्यार्थीमंडळी. महाराष्ट्रात कृष्णस्वामी वेंकटरामन यांचं नाव घ्यायला हवं. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे काम करून आलेले, १९३८पासून मुंबईच्या यूडीसीटीचे (विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे) प्रमुख, १९५७मध्ये पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक. एमएस्सीच्या पोरांना ते बेकर-वेंकटरामन पुनर्रचनेमुळे माहीत असतात: ऑर्थो-ॲसिलॉक्सिॲसिटोफिनोनवर अल्कलीने १,३-डायकीटोन, त्यावर ॲसिडने फ्लॅवोन. त्यांच्यानंतर १९६६मध्ये एनसीएलच्या संचालकपदी आले ते त्यांचेच विद्यार्थी, बा. द. टिळक. चाल्कोनपासूनही फ्लॅवोनकडे जाता येतं, म्हणजे कॉलेजच्या लॅबमधला प्रोजेक्ट या घराण्याच्या अंगणात उभा असतो. हे सांगितलं की पोरांच्या पाठीचा कणा थोडा ताठ होतो.

पीएचडीचं गाइडपद कॉलेजातल्या शिक्षकाला मिळतं, पण संख्या बांधलेली: असिस्टंट प्रोफेसरकडे चार, असोसिएटकडे सहा, प्रोफेसरकडे आठ. २०२२च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, कोर्सवर्क किमान बारा क्रेडिट. माझ्या मते कॉलेजच्या वेळापत्रकात एका वेळी तीनहून जास्त स्कॉलर नीट सांभाळता येत नाहीत. दर आठवड्याला वही उघडून बसायला तासभर प्रत्येकाला लागतो, आणि तो तास चुकला की दोन महिन्यांचं काम चुकीच्या दिशेला जातं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली की नवा स्कॉलर घेता येत नाही. हा नियम विद्यार्थ्याच्या भल्याचा आहे, त्यात पळवाट शोधू नये.

निवृत्ती ६०व्या वर्षी. निरोप समारंभाची तयारी डिपार्टमेंट करतं, स्टोअरची आपल्यालाच करावी लागते, आणि शेवटच्या महिन्यात करून भागत नाही, वर्षभर आधी सुरुवात हवी. लेबल गेलेल्या बाटल्या वेगळ्या काढायच्या. जुन्या ईथरच्या बाटलीत पेरॉक्साइड असू शकतात: थोडा नमुना घेऊन आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर पिवळा-तपकिरी रंग आला तर ते ईथर कधीच ऊर्ध्वपातनाला घ्यायचं नाही. तळाशी किंवा बुचाशी स्फटिक दिसत असतील तर बाटली हलवायचीही नाही. पिक्रिक ॲसिड कोरडं झालेलं आढळलं तर बूच फिरवून बघू नये, खोली बंद करून अग्निशमन दलाला कळवावं. केरोसिन आटलेला सोडियम, तुटलेल्या थर्मामीटरांचा साठवलेला पारा, हे सगळं कागदावर घेऊन रीतसर विल्हेवाटीला द्यायचं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असलेलं पण कपाटात नसलेलं उपकरण सहीच्या दिवशी शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

आणि नव्या शिक्षकाला बरोबर घेऊन लॅबमधून एक फेरी मारावी. खिडकीजवळचा तराजू उन्हाने सरकतो, पडदा लावून अर्धा तास चालू ठेवल्याशिवाय त्यावर प्रमाणित द्रावणाचं वजन करू नका. सात नंबरच्या ब्युरेटचा नळ झिजलेला आहे, परीक्षेत कुणाला देऊ नका. डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट जानेवारीत व्हिनेगरने धुतला आहे, पुन्हा जूनमध्ये धुवा. उत्कलनबिंदूच्या टेबलाशेजारी भिंतीवर नाशिकच्या दाबाचा तक्ता लावलेला आहे, रंगकाम झालं तर तो परत लावा.